सापाचं माप

टेप गळ्यात, पेन्सिल कानावर,
आणि ती म्हणाली, साडेतीन फूट.
मी विचारलं, उंची की रुंदी?
नाही काका, तो साडेतीन फूट आहे.

उशीच्या अभ्र्यात होता, वर गाठ.
कॉर्न स्नेक म्हणे, पोटावर मक्याच्या दाण्यांची नक्षी.
परदेशी आहे, सरकारी नोंद केलीय,
मी न विचारताच सांगून टाकलं तिनं.
भाड्याच्या खोल्या शोधून शोधून
लागलेली सवय असावी.

वडगावात माझं दुकान. देव्हारे, शोकेस, रुखवताची कपाटं.
पूर्वी मागांची दुरुस्तीही असायची,
गल्लीभर खटखट होती तेव्हा.
आयत्या बिळावर नागोबा, जन्मभर ऐकत आलो;
बिळाची ऑर्डर, तीही ॲडव्हान्ससकट,
ही पहिलीच.

मृणाल होनगेकर. वहीत लिहून आणलं होतं सगळं.
दार समोरून, काचेचं, सरकतं;
वरून हात आला की त्याला घार वाटते.
देवदार नको, चीड नको, वास छातीत बसतो त्याच्या.
पॉलिश लावा, पण मग पंधरा दिवस उघडं ठेवा.
तीस वर्षं मी पॉलिशच्या वासाचे पैसे घेतले,
आता वास मरायची वाट बघायची.
फट किती चालेल?
तिनं माझ्या कानावरची पेन्सिल काढली:
ह्याच्याहून कमी.
डोकं मावलं की अख्खा जातो.

एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा,
आणि दोन्हीकडं एकेक आडोसा.
दोन कशाला, मी म्हटलं, झोपेल की एकात.
एकच दिला, ती म्हणाली,
तर गरम की गार ते बघत नाही तो.
लपायला मिळतंय तिथंच बसतो.
भाजला तरी.

लिहिता लिहिता मी थांबलो.

आप्पा शेवटच्या महिन्यात
मागाच्या खोलीत न्या म्हणत होते.
माग विकला होता. खड्डा तेवढा उरलेला,
वर फळ्या, भिंतींना खळीचा वास, दुपारीही अंधार.
आम्ही त्यांना पुढं ठेवलं, ट्यूबलाइटखाली,
येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावेत म्हणून.
अनगोळची आत्या बघून गेली,
हद्दीपलीकडून शिनोळीचे पाव्हणे आले, बघून गेले.
आप्पा चादर तोंडावर ओढायचे.
आम्ही काढायचो.
श्वास घुसमटेल म्हणायचो.

आडोसे मीच आणले.
खानापूरच्या कुंभाराची दोन मडकी,
बुडाशी अर्धचंद्र कापला ग्राइंडरनं,
कड घासली, पुन्हा घासली,
बोट फिरवलं, गाल फिरवून बघितला.
बिलात लावली नाहीत.

खोली टिळकवाडीत, दुसरा मजला.
जिन्यात घरमालकीण: एनु अदु?
मीनिन पेट्टिगे री, म्हटलं. माशांची पेटी.
खोटं बोलायचं तर समोरच्याच्या भाषेत बोलावं,
तेवढाच मान राहतो.
मग नीर एल्ली, पाणी कुठाय?
बर्तैति री. येईल.
ह्यावर ती काही बोलली नाही;
बेळगावात पाण्याचं असंच असतं.

गाठ सुटली.
आधी जीभ, मग तो.
काचेच्या कडेला माझी पेन्सिलची रेघ राहिली होती,
तिच्यापाशी थांबला, वाचल्यासारखा.
उबेचं मडकं ओलांडलं, दिवा ओलांडला,
गार टोकाच्या अर्धचंद्रातून
शांतपणे आत ओतला गेला.
शेपूट बराच वेळ बाहेर होतं.
मग तेही नाही.

मी उकिडवा बसलो होतो बघत.
मृणालनं काचेवर टॉवेल सोडला.
आता चार-पाच दिवस बघायचं नाही, म्हणाली,
घर त्याचं त्याला कळू दे.

पैसे जिन्यात मोजले.
दोनशे जास्त आले होते.
वर जाऊन दार वाजवावं म्हटलं,
हात कठड्यावर, एक पायरी चढलोही.
मग राहू दे म्हटलं.
चार-पाच दिवसांनी.